पाचवं बी

चमचा ताटलीच्या कडेला टेकला. आवाज तो केवढा, पण दुपार इतकी गप्प होती की बाहेर भिंतीला पाठ लावून बसलेल्या आम्हा दोघींनाही तो ऐकू आला.

"ठेवला," माजोला म्हणाल्या.

"दोन घास तरी गेले असतील."

"कुठले दोन! नुसता लापशीत फिरवत होते. इतकी वर्षं वाढतेय त्यांना, मला आवाजावरून कळतं."

माजोला म्हणजे माझ्या सासूबाई. हे त्यांच्या माहेरच्या कुळाचं नाव, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या म्पोंडो लोकांच्या डोंगरावर बायकांना मानानं अशीच हाक मारतात. सासऱ्यांना मी ताता म्हणते. त्यांचं खरं नाव मी आजवर उच्चारलेलं नाही आणि इथंही घेणार नाही. सुनेनं घ्यायचं नसतं. आम्ही बाहेर बसून असे कान लावत होतो, कारण कुणी बघत असलं की ताता जेवायला लाजायचे. एवढा धिप्पाड माणूस, पूर्वी एका बैठकीला बकऱ्याची अख्खी मांडी संपवणारा, आणि आता लापशीपुढं लहान मुलासारखा हिरमुसून बसायचा. त्यांच्या पोटात गाठ होती. लुसिकिसिकीच्या दवाखान्यातून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात धाडलं, आणि मोठ्या हॉस्पिटलानं घरी. नर्स भली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आवडेल ते खाऊ घाल." आवडेल ते! त्यांना काही आवडतच नव्हतं.

एकच गोष्ट लागू पडायची. गांजाचा पाला दुधात मंद उकळून, गाळून, कोमट करून दिला, की तासाभरानं त्यांना भूक लागायची. आजार त्यानं बरा होत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भूक तेवढी लागायची. पण घरातला साठा थंडी संपता संपता संपला. एके काळी आमच्या नदीकाठी पुरुषभर उंचीची झाडं असायची, माजोलांनी त्याच्यावर तीन मुलं वाढवली. मग भाव पडला, शेतं ओस पडली. गावात विचारलं तेव्हा कुणीतरी पत्र्याच्या डब्यातून काढून दिला तो बुरशीचा निघाला. आता सप्टेंबर, आमच्याकडचा वसंत सुरू झाला होता. आज पेरलं तरी आमचं ते उंच झाड दिवस लहान होईतो फुलायचं नाही. ईस्टर उलटल्यावर कापणी. ईस्टरपर्यंत ताता असतील, असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं.

आणि त्यांना ख्रिसमसपर्यंत तरी राहायचं होतं. माझी ओलोना चार वर्षांची झाली तरी तिचा बकरा राहिला होता. आमच्यात मूल झालं की घरातला वडीलधारा गुरांच्या गोठ्यात उभा राहून गेलेल्या पितरांना सांगतो, की ही अमक्याची, आपल्या रक्ताची, हिच्यावर लक्ष ठेवा. बकरा कापतात, पहिला तुकडा मुलाला देतात, आणि जो बोलला त्यानंही तो चाखायचा असतो. दर वर्षी काही ना काही अडायचं. या ख्रिसमसला माझा नवरा झोलानी खाणीवरून सुट्टीला येणार होता. ताता म्हणाले, "या खेपेला मी तिचं सांगणार. मी आहे तोवर." आणि मग हळूच, "पण मांसाचा घास उलटला तर? पितरांसमोर?"

हे ऐकून फुमेझा वन्सं, म्हणजे झोलानीची मोठी बहीण, केपटाउनहून रात्रभर बसनं प्रवास करून आल्या. त्या तिथं एका रोपवाटिकेत काम करतात. येताना त्यांनी कागदाच्या पुडीत पाच बिया आणल्या.

"ही बुटकी जात आहे," त्या म्हणाल्या. "फार तर कमरेपर्यंत येते. पण हिला दिवस लहान व्हायची वाट बघावी लागत नाही. वय झालं की आपोआप फुलते. आज लावली तर ख्रिसमसच्या आत हातात."

माजोलांनी एक बी तळहातावर घेऊन उन्हात धरलं. "सूर्याकडं न बघता फुलणार? हिला आई नाही की बाप नाही?"

"आई, चेष्टा पुरे. नीट ऐका दोघी. जिथं पेराल तिथंच राहू द्यायचं. उपटून दुसरीकडं लावायचं नाही. शेंडा खुडायचा नाही. आपली झाडं दुखावली तर महिनाभर रुसून परत उठतात. हिच्याकडं रुसायला वेळ नाही. हिचं घड्याळ थांबत नाही."

"अगं, तू मला गांजा लावायला शिकवतेस? तुझी शाळेची फी कशातून गेली?"

"म्हणूनच सांगतेय," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला फार येतं."

वन्सं परत गेल्या. मी बशीत पाणी घेऊन बिया भिजत घातल्या. सकाळी बघते तर चारच. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांतल्या लाल कोंबडीवर मी आळ घेतला आणि तिला दोन दिवस शिव्या दिल्या. उरलेल्या चार बिया स्वयंपाकाच्या झोपडीमागं, सकाळचं ऊन येतं तिथं, चार आळ्यांत पेरल्या. भोवती बूड काढलेले डबे रोवले. ओलोना रोज सकाळी चड्डीवरच जाऊन डब्यांत डोकावायची. "अजून झोपलीत," असं येऊन सांगायची. मग एके दिवशी पळत आली. "एकीनं टोपी काढली!" खरंच, बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन रोप वर आलं होतं.

चारही वाढली. पानं रुंद, गर्द हिरवी. ताता दुपारी काठी टेकत येऊन त्यांच्यापाशी बसायचे, आणि मग तिथून उठून गोठ्याकडं जायचे. आमचा गोठा रिकामाच होता. खांब रोवून केलेलं गोल कुंपण, वर आभाळ. गोचिडतापात गुरं गेली, एक गाय वाचली ती धाकट्या चुलत्यांकडं. ताता तिथं तासन्‌तास बसायचे. गोठा ही घरच्या पुरुषांची आणि पितरांची जागा. मी त्या घरची सून, माझं पाऊल तिथं पडायचं नाही, आणि माजोलांचंही नाही, त्याही शेवटी बाहेरून आलेल्याच. म्हातारा माणूस आपल्या लोकांशी बोलत बसलाय, असं समजून आम्ही तिकडं बघतही नव्हतो.

मग ओलोनाला खोकला झाला आणि मी तिला घेऊन क्लिनिकला गेले. रांग ही एवढी. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. झोपडीमागं चार खड्डे, आणि बूड काढलेले डबे एकात एक घालून नीट रचून ठेवलेले.

"माजोला!"

त्या नदीकडून वर येत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत माती.

"ओरडू नकोस, झोपलेत ते. हेलिकॉप्टर आलं होतं."

"कसलं हेलिकॉप्टर?"

"कसलं म्हणजे? वरून गेलं. एकदा गेलं आणि परत वळलं. मी काय वाट बघत बसू? चारही नेऊन वेताच्या बनात लावली. वरून दिसू नयेत म्हणून शेंडे खुडले."

मी खालीच बसले. "अहो, हॉस्पिटलचं असेल ते! किनाऱ्यावरच्या पाहुण्यांचं असेल! घरच्यापुरतं लावायला आता कायद्यानं मुभा आहे, वन्संनी शंभरदा सांगितलं."

"वर बसलेल्याला सांगितलंय का तो कायदा कुणी?"

मी तेव्हा जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. म्हणाले की ताता तुमच्यामुळं उपाशी राहतील. म्हणाले की तुम्हाला कुणाचं ऐकायचंच नसतं. माजोला हात धुवायला पिंपापाशी गेल्या, तिथं पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "झोलानी पोटात होता तेव्हा पोलिसांनी मला गाडीत घालून नेलं होतं. सगळ्या गावासमोर. हेलिकॉप्टरातून विष टाकायचे गं, मक्यावरसुद्धा पडायचं, भोपळ्यावर पडायचं. आवाज आला की पाय आपोआप पळतात. मी त्यांना पळा म्हटलं नव्हतं."

पुढचे काही दिवस आम्ही गरजेपुरतंच बोललो. मीठ दे. लाकडं संपली. ओलोनाला घे.

नदीकाठी चारही रोपं जगली, हेच वाईट झालं. मेली असती तर आशा तरी सुटली असती. आमचं जुनं झाड असतं तर त्या ओल्या मातीत पाय पसरून दुप्पट झालं असतं. ही मात्र वीतभर उंचीवर थांबली, आणि एका सकाळी माजोला गेल्या तर ती फुलायला लागली होती. प्रत्येकीला नखाएवढा तुरा. त्या एक रोप मातीसकट उचलून घरी घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "पाळण्यात असतानाच म्हातारं झालं."

मी जवळ सरकून बसले. मग त्यांनी चारही रोपांचा पाला, तुरे, काय निघालं ते दुधात घातलं. त्या रात्री ताता अर्धी वाटी आंबट दूध प्याले. दुसऱ्या रात्री तेवढंही नाही, आणि मग आमच्याकडं काहीच उरलं नाही.

त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. काठी दाराशी टेकून उभी राहिली. उन्हं कडक झाली होती, पाऊस दोन आठवडे फिरकला नव्हता. मी अंगणात मका सोलत होते, तेवढ्यात ओलोना आजोबांच्या खोलीतून पत्र्याचा मग घेऊन आली, पिंपातून काठोकाठ भरला, आणि जीभ बाहेर काढून, सांडू न देता, चालायला लागली. सरळ गोठ्याकडं. खांबांमधल्या फटीतून आधी मग आत ठेवला, मग स्वतः शिरली.

"ओलोना! बाहेर ये! तिथं काय करतेस?"

"आजोबांचं काम," आतून आवाज आला.

"कसलं काम?"

"तिला पाणी."

मी धावत कुंपणापर्यंत गेले आणि तिथं माझे पाय थांबले. दोन खांबांच्या मधून आत बघितलं. पलीकडच्या कोपऱ्यात, वर्षानुवर्षांच्या शेणाची काळीभोर माती झाली होती तिथं, ओलोनाच्या छातीला लागेल एवढं एक झाड होतं. बुटकं, दाट, फांद्या चहूकडं पसरलेल्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला पांढऱ्या केसांचा तुरा. वाऱ्याची झुळूक आली तसा वासही आला. कसा इतके दिवस आला नाही, कोण जाणे. कदाचित आला असेल, आणि तो जुन्या दिवसांचा वाटला असेल.

"माजोला!" मी ओरडले. "माजोला, लवकर या! लाल कोंबडीनं खाल्लेलं नाही!"

त्या आल्या, खांबाला कपाळ टेकून बघत राहिल्या, आणि मग कमरेवर हात ठेवून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "चोर! बशीतनं उचललं बघ! अगं, माझ्या हातून वाचवायचं तर जागा कुठली, हे या माणसाला बरोबर ठाऊक!"

आत जाऊन तातांना विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "फुमेझा म्हणाली ना, हात लावायचा नाही. या घरात दोन बायका आहेत. दोघींचे हात स्वस्थ बसत नाहीत."

"आणि सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर कुंपणाबाहेरून काठीनं ढोसलं असतंत."

हसू ओसरल्यावर माजोला गंभीर झाल्या. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, "पण पोरीला आत पाठवलंत. तिचा बकरा व्हायचाय. तिला अजून ते ओळखत नाहीत. त्यांना राग आला तर?"

ताता भिंतीकडं वळले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मी अजून सांगितलं नाही, एवढंच. त्यांना दिसत नाही असं थोडंच आहे. या घरची लेक आहे ती. तुम्ही दोघी आलेल्या, ती इथं झालेली. पाणी घालू दे."

मग आमचा नवा दिनक्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ ओलोना मग घेऊन आत, आणि आम्ही दोघी कुंपणाला नाक लावून बाहेर. हातभर अंतरावर झाड, पण हात घालायचा नाही. सगळं त्या चार वर्षांच्या डोळ्यांनी बघायचं.

"पानाच्या खाली बघ गं. किडे आहेत?"

"एक आहे."

"कसला? हिरवा की काळा?"

"तो गेला. उडाला. आता नाही."

"बरं. तुऱ्याला केस आहेत ना, ते कसल्या रंगाचे?"

ओलोनानं नाक लावून बघितलं. "पांढरे. आजीच्या हनुवटीवर आहेत तसे."

मी तोंडाला फडकं लावलं. माजोला फणकारल्या, "माझ्या हनुवटीवर? कुणी शिकवलं हिला?"

"कुणी नाही. मला रोज दिसतात."

पांढरे केस तपकिरी झाले की तुरा पिकला. एवढं दोन्ही जातींत सारखं, वन्संनी फोनवर सांगितलं, तेव्हा माजोलांना जरा बरं वाटलं. निदान एक गोष्ट त्यांच्या अनुभवातली होती. पण घाई केली तर कच्चं, आणि उशीर केला तर ख्रिसमस उलटणार. कापून सावलीत वाळवायलाही दिवस हवेत. इकडं ताता नुसत्या पाण्यावर आले होते. ओठांवर कापूस फिरवायचा, बस. मी रोज विचारायचे, "आता कसे आहेत गं केस?" आणि ती रोज, "पांढरेच."

मग एका संध्याकाळी, "काही पांढरे, काही चहासारखे."

"चहासारखे जास्त की पांढरे जास्त?" माजोला.

"आजी, मला एवढे मोजता येत नाहीत."

"मोजू नकोस गं बाई, नुसतं डोळे बारीक करून बघ. झाड पांढरं दिसतंय की लाल?"

तिनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, अगदी माजोलांसारखी. "लाल. थोडं थोडं."

कापायचं कुणी? ओलोनाच्या हातात विळा द्यायचा नव्हता. तिनं एक फांदी मोडून बघितली, ती वाकली, मोडली नाही, आणि हातांना चिकटा लागला म्हणून ती रडायला लागली. शेजारच्या पुरुषांना बोलवावं तर सगळे खाणीवर, उरलेले म्हातारे, आणि धाकटे काका दूरच्या गावात. "मी जाईन," ताता म्हणाले. उठून बसायलाही त्यांना आम्ही दोघी लागायचो.

शेवटी माजोलांनी माती वाहायची लोखंडी ढकलगाडी धुतली, तिच्यात दोन घोंगड्या अंथरल्या आणि त्यांना तिच्यात बसवलं. अंगण उताराचं. मी पुढून धरलेलं, त्या मागून रेटणाऱ्या.

"आपल्या लग्नात तुझ्या बापानं माझ्याकडून देज म्हणून गाई मागितल्या होत्या," ताता कण्हत कण्हत म्हणाले. "ही गाडी मागून नेली असती तर आज बरं झालं असतं."

"गप्प बसा, नाहीतर इथंच उलटीन."

गोठ्याच्या तोंडाशी आम्ही थांबलो. तिथून पुढं आमचं जाणं नव्हतं. ताता गाडीतून खाली सरकले, एक हात खांबाला, एक हात ओलोनाच्या खांद्यावर. ती त्यांच्या भाराखाली डगमगली, मग पाय फाकवून उभी राहिली. असे ते दोघं गेले. काही पावलं चालून, मग बसून, मग रांगत. आम्ही बाहेरून बघत होतो आणि आमचा श्वास त्यांच्याबरोबर चालत-थांबत होता. माझ्या हातांना इतकी ओढ लागली होती की मी ते पदरासारखे कमरेच्या चादरीत खोचून टाकले. माजोलांनी एकदा पाऊल उचललं. खरंच उचललं. मग परत खाली ठेवलं, होतं तिथंच.

तातांनी दाढीच्या जुन्या वस्तऱ्यानं बुंधा कापला. मग झाड मांडीवर घेऊन, एखाद्या लेकराला घ्यावं तसं, तिथंच मातीत पडून राहिले. ओलोना शेजारी बसून त्यांच्या डोक्यावरच्या माश्या हाकत होती. चांगला वेळ गेल्यावर ते परत आले.

वाळवणं माजोलांचं. त्यात त्यांना कुणी शिकवायचं नव्हतं. झोपडीच्या आढ्याला उलटं टांगून, धूर लागणार नाही, ऊन लागणार नाही, दिवसातून चार वेळा वास घेऊन. झाड लहान, निघालं ते दोन ओंजळी. पण तुरे असे दाट की त्या म्हणाल्या, "आमच्या उंच झाडाची टोपलीभर पानं एकीकडं, नि हे एकीकडं. बुटकीनं आपलं सगळं एका जागी ठेवलंय." चिमूटच घातली दुधात. जास्त झालं तर डोकं गरगरेल, म्हणून मी हटकत होते आणि त्या "कळतंय, कळतंय" म्हणत होत्या.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही परत भिंतीला पाठ लावून बसलो. आत मऊ शिजवलेली मका-चवळी ठेवली होती. बऱ्याच वेळानं आतून हाक आली.

"माजोला!"

दोघी धडपडत उठलो. दारात पोचलो तर ताता उशीला टेकून बसलेले, ताटली मांडीवर, अर्धी रिकामी, आणि कपाळाला आठी.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

माजोला मीठ आणायला गेल्या त्या आल्याच नाहीत. मी बघायला गेले तर झोपडीमागं, त्या चार खड्ड्यांपाशी, तोंडात फडकं कोंबून रडत होत्या. "किती महिन्यांनी नावं ठेवली गं मला," त्या म्हणाल्या. "किती महिन्यांनी!"

रोज असं झालं नाही. काही दिवस जेवायचे, काही दिवस सगळं उलटून पडायचं. झोलानी खाणीवरून आला आणि वडिलांना बघून अंगणातच थबकला; मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. बकऱ्याच्या आदल्या रात्री तातांना झोप लागली नाही. सकाळी पोटातलं दूधही बाहेर आलं. झोलानी म्हणाला, "धाकटे काका बोलतील. तुम्ही इथूनच ऐका." तातांनी मान हलवली. नाही.

माजोलांनी डब्यातली शेवटची चिमूट काढली.

ऊन वर आल्यावर झोलानीनं त्यांना घोंगडीत गुंडाळून दोन्ही हातांवर उचललं आणि गोठ्यात नेलं. मागोमाग काका, गावातले म्हातारे, आणि सगळ्यांच्या मध्ये नवीन पांढऱ्या मण्यांची माळ घातलेली ओलोना. मी आणि माजोला चुलींपाशी, इतर बायकांबरोबर. माणसं इतकी होती की खांबांच्या फटीतून नुसत्या पाठी दिसत होत्या. बकरा ओरडला. बरं झालं, ओरडला म्हणजे पितरांनी ऐकलं. मग तातांचा आवाज आला. आधी इतका बारीक, की बायकांनी झाकणं वाजवणं बंद केलं. कुळाची नावं एकामागून एक, पणजोबा, त्यांचे पणजोबा, आणि हळूहळू तो आवाज मोठा झाला, त्या जुन्या धिप्पाड माणसाचा झाला. "ही ओलोना," असं ऐकू आलं. पुढचं वाऱ्यानं नेलं.

मग मांस भाजल्याचा वास आला.

माजोलांनी माझं मनगट धरलं. मी बोटं मोडत होते. खाल्लं का? गेलं का खाली? आत एवढी माणसं, एकानंही बाहेर येऊन सांगू नये? जाऊन बघता येत नाही, हाक मारता येत नाही. चुलीवरच्या मक्याला करपल्याचा वास यायला लागला तरी आम्ही दोघी तशाच उभ्या.

अखेर पाठींच्या मधून, कुणाच्या तरी पायांखालून, ओलोना बाहेर आली. तोंड, हनुवटी, मण्यांची माळ, सगळं तुपकट. मी गुडघ्यांवर बसले आणि तिला दोन्ही दंडांना धरलं.

"आजोबांनी खाल्लं?"

"हो."

"खरं सांग. गिळलं? टाकलं नाही ना?"

"गिळलं. मग माझ्यातलं पण खाल्लं. काका म्हणाले, पुरे, तर म्हणाले, अजून दे."

माजोलांनी आभाळाकडं बघून एक लांब किलकारी दिली आणि चुलींपाशी सगळ्या बायकांनी ती उचलली. त्या गलक्यात ओलोना माझ्या कानाशी आली. तिच्या श्वासाला बकऱ्याचा आणि धुराचा वास होता.

"आई, मग आजोबा कोपऱ्याकडं बघून म्हणाले, 'आलोच मी, पण अजून थोडं थांबा, भूक लागलीये.'"

"कुणाला म्हणाले?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊक नव्हतं.

"त्यांना. जे दिसत नाहीत त्यांना." तिनं तुपकट हातानं माझा चेहरा आपल्याकडं वळवला. "मी ऐकत होते, पण मला काही ऐकू आलं नाही. आई, ते हो म्हणाले का गं?"